संशयाचे वजन किती?

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात पाली येते. बिंदुसरेवरचे धरण याच गावाजवळ आहे. मागे एकदा तिथल्या काही शिक्षकमित्रांबरोबर बसलो असताना बोलणे मानवतच्या हत्याकांडावर आले. निमित्त होते २०२४ च्या ऑक्टोबरात त्या प्रकरणावर आलेल्या एका मालिकेचे. मुलांनी ती मोबाइलवर पाहिली होती आणि नववीच्या वर्गात एकाने सरांना विचारले होते, "सर, खून कोणी केले ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, मग त्यातले काही जण कोर्टातून सुटले कसे?"

सरांनी "पुरावा कमी पडला" असे उत्तर दिले. मुलाचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर सरांचेही झाले नाही. पुरावा कमी पडला म्हणजे नेमके काय झाले? तो मोजला कशाने? विज्ञानाच्या तासाला आपण वस्तुमान, आकारमान, तापमान मोजायला शिकवतो. पुराव्याचे वजन कसे करायचे हे मात्र कोणत्याच तासाला येत नाही. या लेखात तो प्रयत्न करून पाहू. त्यासाठी आधी मानवतला जाऊ आणि मग तिथून लंडनला. हा प्रवास वाटतो तेवढा आडवळणाचा नाही. मानवतच्या खटल्यात जो पुराव्याचा कायदा लागू झाला, तो ज्याने लिहिला त्याच्या स्वतःच्या घरापर्यंत लंडनमधल्या एका न उलगडलेल्या हत्यासत्राचा संशय पुढे जाऊन पोचला होता.

मानवत : साक्षीदार होते, पण कोण?

मानवत हे परभणी जिल्ह्यातले बाजाराचे गाव. पालीहून माजलगाव, पाथरी या मार्गाने शे-सव्वाशे किलोमीटर. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात या गावाच्या परिसरात दहा खून झाले. दहाही जीव स्त्रियांचे आणि मुलींचे. पाच मुली दहा वर्षांच्या आसपासच्या, एक वर्षभराची तान्ही पोर आणि चार बायका पस्तिशीच्या आगेमागे वयाच्या. बहात्तरच्या दुष्काळाचे ते दिवस. मोठी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती आणि घरी राहिलेल्या पोरींना सरपणाला, शेणाला, पाण्याला एकटीने जाऊ द्यायचे की नाही, असा प्रश्न पडला होता. आज साठी ओलांडलेल्या एका मित्राने सांगितले, की शे-सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या त्यांच्या गावातही आया दिवेलागणीच्या आत पोरांना घरात घेत असत.

मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखे अनुभवी अधिकारी तपासासाठी आले. पुढे अनेक जणांवर खटला उभा राहिला. फिर्यादी पक्षाचे म्हणणे थोडक्यात असे होते : गुप्तधन हाती लागावे, मूल व्हावे अशा हेतूने मुलींचे बळी देण्यात आले, आणि नंतरचे काही खून तपासाची दिशा चुकवण्यासाठी झाले.

आता पुराव्याकडे वळू. असे खून चारचौघांसमोर होत नाहीत. पाहणारा तिऱ्हाईत माणूस नसतो. मग घडलेले सांगणार कोण? जो त्यात सामील होता तोच. मानवतच्या खटल्याचा मोठा भार अशाच साक्षीवर, म्हणजे माफीच्या साक्षीदारांवर होता. माफीचा साक्षीदार हा मोठा अवघड प्राणी. त्याच्याइतकी आतली माहिती दुसऱ्या कोणाला नसते, आणि त्याच्याइतके खोटे बोलण्याचे कारणही दुसऱ्या कोणाला नसते. स्वतःची मान सोडवायची तर दुसऱ्या कोणाची तरी अडकवावी लागते. शिवाय घडलेला प्रसंग त्याला तंतोतंत माहीत असल्यामुळे त्यात एखादे जादा नाव घुसवणे त्याला सहज जमते. गोष्टीतले नव्याण्णव तपशील खरे आणि शंभरावा, म्हणजे एका माणसाचे नाव, खोटा असू शकतो.

या अडचणीवर कायद्यात १८७२ सालापासून उत्तर आहे. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे १८६९ ते १८७२ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे विधी सदस्य होते. भारतीय पुराव्याचा कायदा त्यांनी लिहिला. त्यात दोन कलमे वरवर पाहता एकमेकांच्या विरुद्ध दिसतात. कलम १३३ म्हणते, की गुन्ह्यातल्या साथीदाराच्या एकट्याच्या साक्षीवर शिक्षा झाली तर ती केवळ तेवढ्या कारणाने बेकायदा ठरत नाही. कलम ११४ मधले एक उदाहरण मात्र सांगते, की महत्त्वाच्या तपशिलांना दुसरीकडून दुजोरा मिळाल्याखेरीज साथीदार विश्वासाला पात्र नाही असे न्यायालयाला धरून चालता येते.

मानवतचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा या दोन कलमांचा मेळ घालण्याचे काम न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्याकडे आले. १९७७ सालचा हा निकाल 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने आजही वकिलांच्या तोंडी असतो. त्याचे सार असे : साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण शहाणपणाचा नियम असा, की दुजोरा मिळाल्यावाचून तसे करू नये, आणि हा नियम इतका पक्का झाला आहे की त्याला कायद्याचेच बळ आले आहे. दुजोराही नुसता 'खून झाला' एवढ्याला असून भागत नाही. या विशिष्ट आरोपीचा त्या खुनाशी संबंध होता, एवढ्यापर्यंत तो पोचला पाहिजे. पाच आरोपी असतील तर पाचांचा हिशेब वेगवेगळा. गुन्ह्यांचा छडा लावण्याच्या भरात पोलिसांनी आपल्या अधिकाराची मर्यादा ओलांडू नये, असेही न्यायालयाने याच निकालात बजावले.

म्हणून एकाच खटल्यात, एकाच साक्षीदाराच्या तोंडून आलेल्या नावांपैकी काहींवरचा दोष टिकला आणि काही सुटले. नववीतल्या मुलाला न्यायालयाने लहरीपणा केला असे वाटले होते. खरे तर प्रत्येक नावासमोर वेगळी बेरीज मांडल्यामुळे असे झाले.

दुजोरा म्हणजे काय, हे शिक्षकांना समजावून सांगायला नको. परीक्षेत शेजारी बसलेल्या दोन मुलांनी एका गणिताचे एकच चुकीचे उत्तर लिहिले, तर आपण त्याला 'दोघांना वेगवेगळे तेच उत्तर आले' असे म्हणत नाही. दोन उत्तरपत्रिका असल्या तरी पुरावा एकच. तेच उत्तर दुसऱ्या खोलीतल्या, दुसऱ्या रीतीने गणित सोडवलेल्या मुलीचे आले तर मात्र त्याला किंमत येते. दुजोरा स्वतंत्र वाटेने यावा लागतो.

स्टीफन यांच्या घरापर्यंत

आता लंडन. १८८८ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात तिथल्या व्हाइटचॅपेल या गरीब वस्तीत आणि तिच्या आसपास पाच स्त्रियांचे खून झाले. मेरी ॲन निकोल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज आणि मेरी जेन केली ही त्यांची नावे. यांतल्या स्ट्राइड आणि एडोज एकाच रात्री, ३० सप्टेंबरला मारल्या गेल्या. पोलिसांच्या फायलीत आगेमागे झालेले आणखी काही खून आहेत, पण एकाच माणसाचे काम म्हणून सहसा हे पाच धरले जातात. वृत्तपत्रांच्या कचेरीला आलेल्या एका पत्राखालच्या सहीवरून त्या अज्ञात खुन्याला 'जॅक द रिपर' हे नाव पडले. तो सापडला नाही. खटलाच उभा राहिला नाही, त्यामुळे शंभराहून अधिक माणसांवर लेखकांनी आपापल्या घरी खटले चालवले.

१९७२ मध्ये, म्हणजे मानवतचे सत्र सुरू झाले त्याच वर्षी, अशा एका लेखकाने नवे नाव पुढे केले : जेम्स केनेथ स्टीफन. हा कवी आणि राजघराण्यातल्या एका राजपुत्राचा शिक्षक. डोक्याला मार लागून पुढे त्याचे मन बिघडले आणि १८९२ मध्ये तो मनोरुग्णालयात वारला. पुराव्याचा कायदा लिहिणाऱ्या स्टीफन यांचा तो मुलगा. त्याच्याविरुद्ध पुरावा काय? काही कवितांतला बायकांविषयीचा कडवटपणा, आजारपण आणि तारखांची ओढूनताणून केलेली जुळणी. वडिलांनी शंभर वर्षांपूर्वी घालून दिलेल्या कसोटीवर हा संशय एक दिवसही टिकला नसता.

हे उदाहरण सोपे आहे, म्हणून बाजूला ठेवू. ज्याच्यावरचा संशय खरोखर पोलिसांच्या कागदातून येतो, त्याचे वजन करून पाहू.

तीन नावांची चिठ्ठी

२३ फेब्रुवारी १८९४ रोजी लंडनच्या पोलीस दलातले वरिष्ठ अधिकारी मेल्व्हिल मॅकनॉटन यांनी एक टिपण लिहिले. त्यात त्यांनी तीन संशयितांची नावे दिली : ड्रुइट, कॉझ्मिन्स्की आणि ऑस्ट्रॉग. सरकारी अधिकाऱ्याने सरकारी फायलीसाठी लिहिलेला हा कागद असल्यामुळे अभ्यासक त्याला फार मानतात. पण इतिहासाचा विद्यार्थी पहिला प्रश्न हा विचारील, की लिहिणाऱ्याला हे कसे कळले? मॅकनॉटन पोलीस दलात आले १८८९ मध्ये, म्हणजे पाचवा खून होऊन गेल्यावर. त्यांची माहिती ऐकीव होती. तिची पारख करायला मार्ग आहे, कारण टिपणातल्या काही गोष्टी दुसऱ्या कागदांशी ताडून पाहता येतात.

ड्रुइट हा डॉक्टर होता, वय एक्केचाळीसच्या सुमारास, असे मॅकनॉटन लिहितात. प्रत्यक्षात माँटेग्यू ड्रुइट एकतीस वर्षांचा होता आणि डॉक्टर नव्हे, बॅरिस्टर व शाळाशिक्षक होता. १८८८ च्या अखेरीस शाळेतून त्याला काढून टाकले आणि ३१ डिसेंबरला टेम्स नदीत त्याचे प्रेत सापडले. खून थांबले त्याच सुमाराला हा माणूस मेला, एवढ्यावर संशयाची इमारत उभी आहे. त्याच्या घरच्यांनाच त्याचा संशय होता अशी 'खासगी माहिती' आपल्याकडे असल्याचे मॅकनॉटन सांगतात, पण ती माहिती कोणाची, हे सांगत नाहीत. ॲनी चॅपमनचा खून झाला त्या दिवशी, ८ सप्टेंबरला, सकाळी साडेअकराला ड्रुइट ब्लॅकहीथच्या मैदानावर क्रिकेटच्या सामन्यात खेळत होता. खून पहाटे झाला होता, म्हणून एवढ्याने तो निर्दोष ठरत नाही. पण त्याला दोषी ठरवणारेही काही उरत नाही.

ऑस्ट्रॉगचे तर सोपे आहे. तो अट्टल चोर आणि ठकसेन. पण पुढे संशोधकांनी फ्रान्समधले कागद पाहिले तेव्हा कळले, की खुनांच्या काळात तो चोरीच्या गुन्ह्यात तिथे अटकेत होता.

तीनपैकी एकाचे वय आणि व्यवसाय चुकलेला, दुसरा त्या वेळी देशातच नाही. एखाद्या तराजूत आपण दोन माहीत वजने टाकली आणि दोन्ही वेळा काटा चुकीचा आला, तर तिसऱ्या वस्तूचे त्याने दाखवलेले वजन आपण किती मानू? कॉझ्मिन्स्कीकडे याच भानाने पाहायचे आहे.

पोलंडचा न्हावी

टिपणात फक्त आडनाव आहे. वर्णन असे : व्हाइटचॅपेलमध्ये राहणारा पोलिश ज्यू, बायकांचा द्वेष करणारा, मार्च १८८९ च्या सुमारास मनोरुग्णालयात दाखल झालेला. १९१० मध्ये रॉबर्ट अँडरसन या निवृत्त अधिकाऱ्याने आठवणी लिहिल्या. त्यात नाव न घेता सांगितले, की खुनी एक पोलिश ज्यू होता, साक्षीदाराने त्याला ओळखले, पण स्वतः ज्यू असल्यामुळे साक्ष द्यायला तो तयार झाला नाही. तपास पाहणारे डोनाल्ड स्वॉन्सन यांच्या संग्रही या पुस्तकाची जी प्रत होती, तिच्या समासात व मागच्या कोऱ्या पानावर त्यांच्या हातची पेन्सिलीची टिपणे सापडली आणि १९८७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिथे नाव आहे : कॉझ्मिन्स्की. तो मनोरुग्णालयात गेल्यावर लवकरच वारला, असेही स्वॉन्सन लिहितात.

संशोधकांनी रुग्णालयाच्या नोंदवह्या धुंडाळल्या तेव्हा ॲरन कॉझ्मिन्स्की हा न्हाव्याचे काम केलेला माणूस सापडला. पण तो दाखल झाला फेब्रुवारी १८९१ मध्ये, १८८९ मध्ये नव्हे. आणि 'लवकरच' मेला नाही. १९१९ पर्यंत जगला. मग अधिकाऱ्यांच्या मनात होता तो माणूस हाच की दुसराच कोणी? तिन्ही अधिकाऱ्यांचे बोट एकाच माणसाकडे वळते हा भक्कम दुजोरा वाटतो खरा. पण ते एकाच खात्यातले, एकाच कचेरीत वावरणारे आणि एकमेकांचे ऐकून लिहिणारे होते. म्हणजे आपली शेजारच्या बाकावरची दोन मुले इथेही भेटतात. राहिला तो अनामिक साक्षीदार. एडोजबरोबर त्या रात्री एका पुरुषाला पाहिलेल्या माणसाने तर चौकशीतच सांगितले होते, की पुन्हा दिसला तर मी त्याला ओळखेन असे वाटत नाही.

आणखी एक गोष्ट वजनात धरली पाहिजे. व्हाइटचॅपेलमध्ये तेव्हा रशिया-पोलंडमधून जीव वाचवून आलेले हजारो गरीब ज्यू राहत होते. पहिल्या दोन खुनांनंतरच 'असे कृत्य इंग्रज करणार नाही' अशी भाषा सुरू झाली होती. जॉन पायझर नावाच्या एका ज्यू चांभाराला केवळ टोपणनावावरून पकडले गेले. तो इतरत्र असल्याचे साक्षीपुराव्याने दिसले, म्हणून वाचला. संशय आधी परक्याकडे वळतो. हे समजायला आपल्याला लंडनला जायची गरज नाही. गावात कुठे चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात, हे आपण पाहत आलो आहोत. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने 'गुन्हेगार जमातीं'चा कायदा केला आणि कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. पुढच्याच वर्षी त्याच सरकारने पुराव्याचा कायदा केला, जो म्हणतो की प्रत्येक आरोपीचा हिशेब वेगळा. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि तिथले कायदे निराळे होते, पण नजर फारशी निराळी नव्हती. पहिला कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्याने लावलेली सवय मात्र अजून पुरती गेलेली नाही.

शाल आणि डीएनए

२०१४ मध्ये बातमी आली, की विज्ञानाने रिपरचे कोडे सोडवले. एका व्यावसायिकाने २००७ मध्ये लिलावात एक रेशमी शाल घेतली होती. ती एडोजच्या प्रेताजवळ सापडली आणि ॲमॉस सिम्प्सन या पोलिसाने घरी नेली, अशी त्या पोलिसाच्या घराण्यात पिढीजात कथा होती. शालीवरच्या डागांतून तंतुकणिकांतला डीएनए मिळाला. एक नमुना एडोजच्या वंशातल्या स्त्रीशी, दुसरा कॉझ्मिन्स्कीच्या बहिणीच्या वंशजाशी जुळला, असा दावा होता. २०१९ मध्ये न्यायवैद्यकाच्या एका नियतकालिकात त्यावर शोधनिबंधही आला.

डीएनए म्हटले की आपण हात जोडतो. पण आपण घेतलेले प्रश्न इथेही विचारायला हवेत.

पहिला प्रश्न वस्तूचा. शाल खरोखर तिथे होती का? एडोजच्या अंगावरच्या व जवळच्या वस्तूंची पोलिसांनी बारकाईने यादी केली होती. त्यात अगदी रिकाम्या काड्यापेटीपर्यंत नोंद आहे. अशी शाल त्यात नाही. खून झाला ती जागा सिटी पोलिसांच्या हद्दीतली होती आणि सिम्प्सन दुसऱ्या दलातला, मेट्रोपॉलिटन पोलिसांतला. आपल्याकडे जप्त वस्तूचा पंचनामा होतो, ती मोहोरबंद होते आणि कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याची नोंद राहते. शालीच्या बाबतीत शंभर वर्षांहून अधिक काळ अशी नोंद नाही. ती अनेकांनी हाताळली होती, आणि एडोजचे वंशजही तिच्या सान्निध्यात येऊन गेले होते. शाल घटनास्थळी नसेल तर तिच्यावरचा डीएनए कोणाचाही असला तरी काय फरक पडतो?

दुसरा प्रश्न नेमकेपणाचा. तंतुकणिकांतला डीएनए आईकडून मुलांना जवळजवळ जसाच्या तसा मिळतो. त्यामुळे आजी, मावशी, मावसभाऊ आणि ओळखही नसलेली दूरची हजारो माणसे यांच्यात तो सारखा असू शकतो. तो न जुळणे फार मोलाचे असते, कारण त्याने माणूस वगळता येतो. जुळणे मात्र त्यामानाने कमी मोलाचे. समजा, एखादा प्रकार शंभरात एकाकडे आढळतो. त्या वेळी लंडनची वस्ती चाळीस लाखांच्या वर होती. म्हणजे तो प्रकार असलेली चाळीस हजार माणसे त्या एका शहरात असणार. 'निर्दोष माणसाचा डीएनए जुळण्याची शक्यता शंभरात एक' हे वाक्य आणि 'जुळलेला माणूस निर्दोष असण्याची शक्यता शंभरात एक' हे वाक्य सारखे वाटते. पण पहिले खरे असूनही दुसरे साफ चूक असू शकते. हे गणित फळ्यावर करून दाखवण्यासारखे आहे.

तिसरा प्रश्न पडताळ्याचा. २०१४ च्या दाव्यात दुर्मिळ म्हणून सांगितलेल्या एका बदलाचा क्रमांकच चुकला होता. खऱ्या क्रमांकाचा बदल युरोपातल्या बहुतेक साऱ्या लोकांत आढळतो, हे इतर शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. २०१९ च्या निबंधात वंशजांच्या खासगीपणाचे कारण देऊन मूळ क्रम छापलेच नाहीत, त्यांच्या जागी रंगीत चौकोन दिले. दुसऱ्याला तपासता येत नाही असा निष्कर्ष प्रयोगवहीत लिहिला तर आपण मुलाला गुण देऊ का?

म्हणजे कॉझ्मिन्स्की निर्दोष होता का? तसे आम्ही म्हणत नाही. त्याच्याविरुद्धची पोलिसी टिपणे संशयाला पुरेशी आहेत. त्या काळी आपण तपास अधिकारी असतो तर त्याच्यावर जरूर नजर ठेवली असती. पण संशय घेण्यासाठी लागणारे वजन आणि दोषी ठरवण्यासाठी लागणारे वजन ही दोन वेगळी मापे आहेत.

या नियमाची किंमत

इथे एखादा वाचक चिडून म्हणेल, "तुमच्या या तराजूने खुनी मोकळे सुटतात त्याचे काय?" आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर देण्यासाठी मुंबईचेच उदाहरण घेऊ.

१९६५-६६ मध्ये मुंबईत रेल्वेमार्गालगतच्या झोपड्यांत आणि पदपथावर झोपलेल्या माणसांवर रात्री हल्ले झाले. एकोणीस जणांवर हल्ले, त्यांतले नऊ मृत्युमुखी. त्या वेळी संशयास्पद रीतीने फिरणारा एक माणूस पोलिसांना सापडला होता, पण पुरावा नसल्याने सोडावा लागला. १९६८ मध्ये उपनगरांत तसेच खून पुन्हा सुरू झाले. २७ ऑगस्ट १९६८ रोजी पकडला गेला तो हाच माणूस, रामन राघव. मधल्या काळात ज्यांचे जीव गेले ते या नियमाची किंमत म्हणून गेले, असे कोणी म्हटले तर ते आपल्याला नाकारता येणार नाही. 'शंभर गुन्हेगार सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये' हे वाक्य भाषणात म्हणायला सोपे असते. पदपथावर झोपणाऱ्या माणसाला ते तितके सोपे वाटणार नाही.

पण दुसऱ्या वेळी काय झाले तेही पाहू. तपास रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होता. बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळले. रामन राघवने कबुली दिली. पण पोलिसांपुढची कबुली आपला कायदा पुरावा मानत नाही, कारण मार खाऊन माणूस काहीही कबूल करतो. कायद्याने एक खिडकी ठेवली आहे : आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्या बोलण्याला किंमत येते, कारण लपवलेली वस्तू मारून निर्माण होत नाही. रामन राघवने पोलिसांना फिरवून लपवलेले हत्यार दाखवले. शब्दाला वस्तूचा दुजोरा मिळाला. त्याला फाशीची शिक्षा झाली. पुढे तज्ज्ञांनी त्याला असाध्य मनोविकार असल्याचे सांगितल्यावर उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. १९९५ मध्ये पुण्यात तो वारला.

तेव्हा आक्षेपाचे उत्तर असे, की खुनी सुटू नये असे वाटत असेल तर तराजू सैल करून चालत नाही, पुरावा गोळा करण्याचे काम चोख करावे लागते. तराजू सैल केला तर १९६६ मध्ये त्या एकाला नव्हे, रात्री फिरणाऱ्या प्रत्येक गरीब माणसाला आत टाकता आले असते, आणि त्यांतला नेमका कोण हे तरीही कळले नसते.

वर्गात काय करता येईल

पालीच्या मित्रांबरोबर बोलता बोलता आम्ही तीन प्रश्न काढले. सांगणाऱ्याला हे कसे कळले? हा पुरावा याच माणसापर्यंत पोचतो की आणखी कोणापर्यंतही पोचला असता? आणि आपला संशयित निर्दोष असता तरी हे दिसले असते का? मुलांचे चार-चारांचे गट करावेत. एका गटाला ड्रुइट, दुसऱ्याला कॉझ्मिन्स्की, तिसऱ्याला शाल द्यावी. प्रत्येक पुराव्यासमोर हे तीन प्रश्न लिहून उत्तरे मांडायला सांगावीत. शेवटी मत घ्यावे, पण 'दोषी' आणि 'निर्दोष' यांखेरीज 'सिद्ध झाले नाही' असा तिसरा रकाना ठेवावा. पहिल्या तासाला तो रकाना बहुधा रिकामा राहील. मुलांना अर्धवट उत्तर आवडत नाही, मोठ्यांनाही नाही.

हे प्रश्न खुनापुरते ठेवू नयेत. मानवतच्या त्या मुली ज्या समजुतीपायी मेल्याचे खटल्यात सांगितले गेले, तिला हेच विचारून पाहावे. रक्त दिल्याने धन मिळते, हे सांगणाऱ्याला कसे कळले? कोणाला मिळाले, आणि ते मोजून कोणी पाहिले? न मिळाल्यावर दोष कशावर गेला? नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१३ मध्ये झाला. पण कायदा गुन्हा झाल्यावर, फार तर होता होता येतो. प्रश्न विचारण्याची सवय त्याच्या पुष्कळ आधी, नववीच्या वर्गात येऊ शकते.

पुराव्याचा १८७२ चा कायदा १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाला आणि त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. साथीदाराच्या साक्षीला दुजोरा हवा, ही गोष्ट नव्या कायद्यात उलट अधिक स्पष्ट लिहिली आहे. त्या मुलाला सरांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा उभे केले आणि विचारले, "गावाला ठाऊक होतं असं तू म्हणालास. गावाला कसं ठाऊक होतं?" मुलगा थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "सगळे म्हणत होते, सर." मग स्वतःच हसला. सरांनी आम्हाला सांगितले, की त्या दिवशीचा तास तिथून सुरू झाला.